वाटणी, वाट आणि वहिवाट : ड्रोन आणि विमान यांच्या आकाशाविषयी

 

आज एका ग्रंथाची समीक्षा होणार असे जाहीर झाले आहे. ते खरे आहे. फक्त हा ग्रंथ कादंबरी नाही आणि दर्शनग्रंथही नाही. भारत सरकारच्या राजपत्रात २५ ऑगस्ट २०२१ रोजी आलेले ‘ड्रोन नियम, २०२१’ आम्ही वाचायला घेतले आहेत. आम्ही वकील नाही, वैमानिक तर नाहीच नाही. विमानात बसलो की अजूनही खिडकीच मागतो, एवढाच आमचा त्या क्षेत्राशी संबंध. पण चाळीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवल्यावर एक खोड लागते. कुठलाही मजकूर समोर आला की त्यात काय गृहीत धरले आहे ते शोधत बसायचे. कवी आपली गृहीतके लपवू शकतो. नियम लिहिणाऱ्याला ती सोय नसते. त्याला व्याख्या द्यावी लागते, आकडा लिहावा लागतो. आणि आकडा लिहिला की माणूस सापडतो.

हे वाचायचे कारण घरचे आहे, ते आधी सांगून टाकतो. आमचा भाचा कामशेतला पॅराग्लायडिंग करतो. गेल्या हिवाळ्यात तो टेकडीच्या कडेने वर येणाऱ्या वाऱ्यावर तरंगत असताना एक ड्रोन त्याच्या छत्रीच्या दोऱ्यांपाशी आला. खाली कोणीतरी मित्राचे चित्रण करत होता. भाचा खाली उतरून त्याच्याकडे गेला, तेव्हा तो अगदी सरळपणे म्हणाला, “दादा, स्क्रीनवर तुम्ही खूप लांब दिसत होता.” खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच तसे दिसत होते. भाच्याने हे आम्हाला जेवताना सांगितले, हसत हसत. आमच्या बहिणीला ते अजून सांगितलेले नाही. (हशा) हो, हे ध्वनिमुद्रण ती ऐकणार, हे आत्ता लक्षात आले. असो.

आता ग्रंथाकडे वळू. या नियमांच्या आधी, मार्च २०२१ मध्ये, दुसरे नियम आले होते. ते इतके किचकट होते की पाच-साडेपाच महिन्यांत मागे घेऊन हे नवे काढावे लागले. पंचवीस अर्जांचे पाच झाले, बहात्तर प्रकारच्या शुल्कांची चार झाली. पूर्वी ३०० किलोपर्यंतची मानवरहित विमाने नियमात येत, आता ५०० किलोपर्यंतची येतात. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरचा होता तो १२ किलोमीटरवर आला. दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये. भाषा साधी आहे, सामान्य माणसाला वाचता येते. सरकारी मजकुराबद्दल हे म्हणण्याची संधी आम्हाला क्वचित मिळते, म्हणून म्हणून घेतो. आणि सुटसुटीतपणाचा हेतूही चांगला होता. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झापला ड्रोनने लशी नेल्या. ज्यांनी जव्हारचे घाट पावसाळ्यात पाहिले आहेत त्यांना त्याचे मोल समजावून सांगायला नको. उसात फवारणी करताना पाठीवर पंप घेऊन जो माणूस विष श्वासात घेतो, त्याच्याऐवजी यंत्र गेले तर कोणाचे काय बिघडते? तेव्हा ‘सर ड्रोनविरोधी आहेत’ असे कोणी खाली लिहू नये.

या नियमांत आकाशाला तीन रंग दिले आहेत. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंद. पिवळा म्हणजे विमान-वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी. हिरवा म्हणजे मोकळा. हिरव्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. हिरव्या पट्ट्यात ५०० किलोपर्यंतच्या ड्रोनला उड्डाणाची वेगळी पूर्वपरवानगी लागत नाही. यंत्राला प्रमाणपत्र, उडवणाऱ्याला प्रमाणपत्र हे सगळे ज्याच्या त्याच्या वर्गाप्रमाणे आहेच; पण प्रत्येक उड्डाणाला विचारायचे नाही. मनातला विचार असा दिसतो : वर विमाने, खाली ड्रोन, मध्ये रेघ.

आम्ही या विचाराला वाटणी म्हणतो. आणि आमची पहिली तक्रार या वाटणीबद्दल आहे.

खेड्यात वाढलेल्या मंडळींना वाटणी काय असते ते माहीत आहे. आमच्या आजोबांच्या पश्चात चार भावांत जमीन वाटली गेली. बांध पडले, दगड रोवले गेले. पण विहीर एकच होती. ती कशी वाटणार? तिची पाळी ठरली : सोमवार-मंगळवार थोरल्याचा, बुधवार-गुरुवार दुसऱ्याचा, याप्रमाणे. आणि सगळ्यात आतल्या शेताला रस्ताच नव्हता. त्याला तिसऱ्या भावाच्या बांधावरून बैलगाडी न्यावी लागे. त्याला वहिवाट म्हणतात. ‘जमीन महसूल संहिता, १९६६’ मध्ये कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मागण्याचे. आणि वहिवाट अडवली तर ‘मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६’ खाली तहसीलदाराकडे जाता येते. आजही महाराष्ट्रात तहसील कचेरीत जाऊन बघा, भांडणे कशाची आहेत. मालकी कोणाची याची कमी, जाण्यायेण्याची जास्त. ज्यांनी नुसते बांध घातले आणि वाट ठरवली नाही, त्यांच्या नातवंडांनी कोर्ट पाहिले.

विमान हे मुळात वाटेने जाणारे वाहन आहे. त्याला आकाशाचा तुकडा नको असतो, इथून तिथे जायचे असते. आणि जायचे तर आधी वर चढावे लागते, शेवटी खाली उतरावे लागते. म्हणजे प्रत्येक विमान दिवसातून कितीतरी वेळा ती ४०० फुटांची रेघ ओलांडणारच. विमानतळाभोवती त्यासाठी पट्टे आखले आहेत, ठीक. पण हेलिकॉप्टर? जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरे जातात. पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर येते ते ४०० फुटांवरून दोर सोडत नाही. निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका. ज्या गावात एसटी वेळेवर येत नाही त्या गावात हेलिकॉप्टर वेळेवर येते.

दोन अपघात शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही २०१७ चे, दोन्हींत सुदैवाने कोणी दगावले नाही.

एक न्यूयॉर्कचा, २१ सप्टेंबरचा. स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर संध्याकाळी सुमारे ३०० फुटांवरून चालले होते. त्यावर एक डीजेआय फँटम ड्रोन आदळला. उडवणारा माणूस अडीच मैलांवर होता. आपला ड्रोन हेलिकॉप्टरला धडकला हे त्याला कळलेच नाही. परत येईल म्हणून वाट पाहिली, आला नाही, तेव्हा समजला की बिघडून पाण्यात पडला असेल. हेलिकॉप्टरमध्ये ड्रोनच्या मोटारीचा तुकडा अडकलेला मिळाला, त्यावरच्या क्रमांकावरून तपास करणारे त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा त्याला सगळे समजले. त्या भागात तेव्हा उड्डाणांवर तात्पुरती बंदी होती. हा माणूस फक्त ॲपवर विसंबून होता.

दुसरा कॅनडातला, क्विबेक शहराजवळचा, १२ ऑक्टोबरचा. आठ माणसे असलेले छोटे प्रवासी विमान उतरायला येत असताना सुमारे २,५०० फुटांवर ड्रोन पंखावर आदळला. त्या वेळी कॅनडात हौशी ड्रोनला मर्यादा होती ९० मीटरची, म्हणजे ३०० फुटांची. हा त्याच्या आठपट उंचीवर. ड्रोनही सापडला नाही, उडवणाराही नाही.

एकात ड्रोनने रेघ ओलांडली, दुसऱ्यात विमानच रेघेखाली होते. रेघ दोन्ही ठिकाणी जागच्या जागी होती.

आता कोणी म्हणेल, नियमात आणखी एक वाक्य आहे : माणूस बसलेल्या विमानाला नेहमी वाट द्यायची. आहे, आणि ते आम्हाला या मजकुरातले सगळ्यात मोलाचे वाक्य वाटते. पण वाट द्यायची तर समोरचा आहे हे कळायला हवे. इथे आपण ज्ञानमीमांसेच्या दारात येतो, आणि इथे जरा बसू या, कारण आम्हाला या विषयात खरी गोडी इथेच लागली.

विमानवाहतुकीचा जुना धर्म ‘बघा आणि टाळा’ असा आहे. साध्या उड्डाणात वैमानिकाने काचेतून बाहेर पाहायचे, दुसरा दिसला तर ठरलेल्या बाजूला वळायचे. हा परस्परांचा करार आहे. मी तुला बघतो, तू मला बघतोस. हा करार तुटतो कधी? १९५६ मध्ये अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने दिवसाउजेडी एकमेकांवर आदळली, १२८ माणसे गेली. दोघांनी एकमेकांना पाहावे अशीच अपेक्षा होती. त्यानंतर अमेरिकेने १९५८ मध्ये हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी केली. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६. चरखी दादरी. दिल्लीत येणारे कझाक विमान आणि दिल्लीतून निघालेले सौदी विमान. एकाला १५,००० फूट ठरवून दिले होते, दुसऱ्याला १४,०००. कझाक विमान खाली घसरले. ३४९ माणसे. आमच्यापैकी अनेकांना ती संध्याकाळ आठवत असेल. दिल्लीत तेव्हा येण्याला आणि जाण्याला एकच मार्ग होता. त्यानंतर भारताने विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे केले. हे यंत्र काय करते? एका विमानाचा ट्रान्सपॉन्डर दुसऱ्याला सांगतो, ‘मी इथे आहे, इतक्या उंचीवर आहे.’ डोळ्यांवरचा भार कमी करून विमानांनाच बोलते केले.

हातातल्या ड्रोनला असा ट्रान्सपॉन्डर नसतो. तो त्या यंत्राशी बोलत नाही. वैमानिकाच्या डोळ्यांना तरी दिसतो का? एक-दीड फुटाची करडी वस्तू, आणि आपण ताशी दोन-अडीचशे किलोमीटरने तिच्याकडे जातो आहोत. दिसली तर शेवटच्या दोन-तीन सेकंदांत.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर फार बारीक विचार झाला आहे. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळते कसे? कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी आणि अद्वैत्यांनी त्यासाठी अनुपलब्धी नावाचे वेगळे प्रमाण मानले. नैयायिक म्हणाले, वेगळे प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षानेच कळतो. त्या भांडणात आपण पडायला नको. पण एका अटीवर दोघांचेही एकमत आहे, आणि ती अट आम्हाला सोन्यासारखी वाटते. अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. म्हणजे वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेड आहे, डोळे धड आहेत, घट डोळ्यांना दिसण्याजोगा आहे. तरी दिसला नाही, म्हणजे नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि पिशाच दिसले नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण ते असते तरी दिसले नसते. हे उदाहरण आमचे नाही, न्यायातले जुनेच आहे.

वैमानिक बाहेर पाहतो, ड्रोन दिसत नाही. ही अनुपलब्धी योग्य आहे का? नाही. असता तरी दिसला नसता. म्हणजे ‘बघा आणि टाळा’ हा धर्म ड्रोनपुढे निकामी होतो. वैमानिक निष्काळजी होतो असे नाही. त्याचे न दिसणे हे प्रमाणच उरत नाही. आणि खाली स्क्रीन हातात धरलेला मुलगा? त्याला कॅमेऱ्याच्या चौकटीत आहे तेवढेच दिसते. बाजूने, मागून, वरून येणारे त्याच्या दृष्टीने पिशाचच.

याची उलटी बाजू गॅटविकला दिसली. १९ डिसेंबर २०१८, रात्री नऊनंतर, लंडनजवळच्या या विमानतळावर ड्रोन दिसल्याची खबर आली आणि धावपट्टी बंद केली. उघडावी म्हटले की पुन्हा कोणीतरी पाहायचा. हे २१ तारखेपर्यंत चालले. नाताळच्या तोंडावर सुमारे हजार उड्डाणे आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले. जवळच्या गावातल्या एका जोडप्याला पोलिसांनी पकडले, वर्तमानपत्रांनी त्यांची नावे आणि फोटो छापले, आणि मग कळले की त्यांचा काही संबंध नाही. पुढे पोलिसांनी त्यांना दोन लाख पौंड दिले. खरा गुन्हेगार आजवर सापडलेला नाही. ड्रोन मुळात होता का, अशी शंका तपासाच्या काळातच एका पोलीस अधिकाऱ्याने जाहीरपणे बोलून दाखवली, आणि ती नंतर सावरून घ्यावी लागली. आपल्याकडेही २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, संभाजीनगर भागातल्या खेड्यांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, असे लोक सांगत होते. गावे जागी राहात होती. त्यातले किती खरे होते, किती चांदण्या होत्या? खेडेगावाला हसण्याचे कारण नाही. इंग्लंडातला सुसज्ज विमानतळ त्याच कोड्यात सापडला होता. जे दिसण्याच्या योग्यतेचे नाही, त्याच्या असण्याचीही खात्री नाही आणि नसण्याचीही.

तेव्हा आमचे म्हणणे असे : आकाश वाटून घेण्याचा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न एकमेकांना दिसण्याचा आहे. आणि या कसोटीवर ड्रोन नियमांचा मजकूर पुन्हा वाचा. रेघा वर्तमानकाळात आहेत. ४०० फूट, २०० फूट, ८ किलोमीटर, १२ किलोमीटर : आजपासून. दिसण्याची तरतूद कुठल्या काळात आहे? त्यात सुरक्षेच्या तीन गोष्टींचा उल्लेख आहे : परवानगी नसेल तर यंत्र उडूच नये, यंत्राने आपली जागा, उंची, वेग आणि ओळख सतत कळवत राहावी, आणि बंदी असलेल्या जागी ते आपणहून थांबावे. या तिन्हींबद्दल वाक्य असे की केंद्र सरकार अधिसूचना काढून त्या सांगू ‘शकेल’, आणि त्यानंतर मालकांना निदान सहा महिन्यांची मुदत राहील. बांध आज घातला. वाट नंतर, सवडीने. समीक्षक म्हणून आम्हाला या मजकुराची खरी उणीव या एका क्रियापदात दिसते.

कोणी विचारेल, उद्योगाला श्वास घ्यायला वेळ नको का? हवा. पण मग ५०० किलोचा आकडाही थांबवायला हवा होता. आंधळ्या माणसाला रस्त्यावर येऊ द्यावे, यात काही गैर नाही, हातात पांढरी काठी हवी. काठी नंतर देऊ, आधी ट्रक चालवायला घे, असे कोणी म्हणत नाही.

आता दुसरा आकडा. २५० ग्रॅम. आपल्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला ‘नॅनो’ म्हणतात, आणि तो उडवायला प्रमाणपत्र लागत नाही. जगभर हाच आकडा फिरताना दिसतो. त्याचे एक मूळ अमेरिकेत आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात तिथल्या विमान-प्रशासनाने नेमलेल्या गटाने नोंदणी कोणाला लागावी हे ठरवताना हिशोब मांडला. हिशोब कशाचा? ड्रोन बिघडून खाली पडला आणि कोणाच्या डोक्यावर आदळला तर तो माणूस दगावण्याची शक्यता किती, याचा. ऐंशी ज्यूल ऊर्जेचा धक्का, दाट वस्तीत माणसे किती, उघड्यावर किती, यंत्र किती तासांनी बिघडते. हिशोब आपल्या जागी नेटका आहे. पण तो जमिनीवरच्या माणसाच्या डोक्याचा हिशोब आहे! विमानाच्या पंखाचा नाही. पडणारा ड्रोन आपल्या वजनाने येतो. टक्करीत विमानाचा वेग त्यात मिळतो, आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट.

९ जानेवारी २०२५. लॉस एंजेलिसला पॅलिसेड्सची आग लागलेली. समुद्रातून पाणी भरून आगीवर टाकणारे कॅनेडियन विमान. कोणीतरी सांता मोनिकातल्या पार्किंगच्या इमारतीवरून आग बघायला ड्रोन सोडला, तो अडीचेक किलोमीटर लांब गेला, नजरेआड झाला, आणि विमानाच्या पंखाला साधारण तीन इंच बाय सहा इंचांचे भोक पडले. तो ड्रोन या हलक्या वर्गातला, २५० ग्रॅमच्या आतला. विमान सुखरूप उतरले, पण काही दिवस जमिनीवर राहिले. आग मात्र थांबलेली नव्हती. त्या काही दिवसांत त्या विमानाने जे पाणी टाकले असते ते पडले नाही. ‘कोणाला काही झाले नाही’ या वाक्यात हे बसत नाही.

अमेरिकेतच २०१७ मध्ये विद्यापीठांच्या एका गटाने दाखवून दिले की तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन विमानाचे जास्त नुकसान करतो. कारण साधे आहे : पक्षी मऊ असतो, ड्रोनमध्ये मोटार आणि बॅटरी असते. एका प्रश्नाचे उत्तर म्हणून काढलेला आकडा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरणे, याला आमच्या वर्गात आम्ही लाल रेघ मारत असू.

आणि त्या आगीच्या टक्करीनंतर चारच दिवसांनी, १३ जानेवारीला, डीजेआयने जाहीर केले की अमेरिकेत त्यांचे ड्रोन यापुढे बंदी असलेल्या जागी आपणहून अडणार नाहीत. फक्त सूचना दाखवतील, निर्णय उडवणाऱ्याचा. युरोपात हे आधीच झाले होते. कंपनीचा युक्तिवाद असा की नियमन हे सरकारचे काम. तो अगदीच चुकीचा नाही. वेदान्तात घटाकाश-मठाकाश सांगतात ना, आकाश एकच, मडक्यामुळे तुकडा पडल्यासारखा वाटतो. मडके फुटले की तुकडा गेला. ड्रोनच्या आकाशाचे मडके कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि ते कंपनीने एका सकाळी काढून घेतले. आकाशातल्या रेघा किती खऱ्या असतात ते यावरून दिसते.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती आम्हाला सगळ्यात अवघड वाटते, कारण तीत आमचेच म्हणणे आमच्यावर उलटते. आम्ही म्हणालो की दिसणे हे पहिले कर्तव्य. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमान-प्रशासनाने नजरेपलीकडे उडणाऱ्या ड्रोनसाठी नियमांचा मसुदा काढला. त्यात एक कल्पना आहे : जे माणसांचे विमान आपली जागा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवत नाही, त्याच्यापुढे काही परिस्थितींत ड्रोनला वाटेचा अग्रक्रम. तिथल्या छोट्या विमानांच्या मालकांनी यावर आक्षेप घेतला. तर्क बघा : जो स्वतःला दाखवत नाही त्याला टाळणार कसे? म्हणून त्यानेच बाजूला व्हावे. आम्ही मघापासून जे सांगतो आहोत त्याचाच हा निष्कर्ष वाटतो.

पण नाही. इथे एक पायरी सुटली आहे. १९४४ च्या शिकागो कराराचे आठवे कलम काय म्हणते? वैमानिकाशिवाय उडणारे विमान दुसऱ्या देशावरून खास परवानगीशिवाय न्यायचे नाही. आणि जिथे नागरी विमाने उडतात तिथे अशा विमानावर असे नियंत्रण ठेवायचे की नागरी विमानांना धोका होणार नाही. १९४४ साली हे लिहिले गेले! जबाबदारी कोणावर टाकली? ज्याच्यात माणूस नाही त्याच्यावर. आम्हाला यात पूर्वग्रह वाटत नाही, न्याय वाटतो. टक्कर झाली तर ड्रोनवाला यंत्र गमावतो; दुसरा जीव गमावतो. दोघांची पैज सारखी नाही. अंधारात दिवा न लावता रस्त्याने चालणारा माणूस चुकतोच, पण म्हणून मोटारवाल्याला ब्रेक न दाबण्याचा हक्क मिळत नाही. न दिसणे ही चूक असेल तर तिला दंड करा. अग्रक्रम काढून घेणे हा दंड नाही, ती जीवाची जोखीम आहे. शिवाय ज्याने नव्याने आकाशात यायचे ठरवले, जो त्यातून नफा मिळवणार, बघण्याची यंत्रे बसवणे त्यालाच अधिक शक्य आहे. वहिवाट आधीपासून ज्याची आहे, त्याला ‘तुझ्याकडे कागद नाही, हो बाजूला’ म्हणणे, हे आमच्या गावात झालेले आम्ही पाहिले आहे.

भारतात असा नियम आलेला नाही. पण असे मसुदे इकडून तिकडे जायला वेळ लागत नाही, आणि कामशेतच्या टेकडीवर कोणाकडे कागद नाही.

बोला. हो, तुम्ही, मागे.

(प्रश्न : सर, मग तुमच्या भाच्याने बीकन लावायला काय हरकत आहे? लहान असतात, स्वस्त होत आहेत.)

काहीच हरकत नाही, त्याने लावावे असे आमचे म्हणणे आहे. मघाशी जे बोललो त्याच्याशी ते विसंगत नाही. दिसण्याचे कर्तव्य त्यालाही आहे. ग्लायडरवाल्यांनी तर हे स्वतःहून केले. स्वित्झर्लंडमध्ये वीसेक वर्षांपूर्वी फ्लार्म नावाचे छोटे यंत्र निघाले, ग्लायडर एकमेकांना आपली जागा सांगतात, कोणी सक्ती केली नव्हती. भाच्याशी आम्ही यावर बोललोही. तो म्हणाला, “मामा, मी लावीन, पण ऐकणार कोण? तो खालचा मुलगा तर मोबाइलवर बघतो, त्याच्या ॲपला माझ्या बीकनचे काही कळतच नाही.” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. हे उत्तर ड्रोन बनवणाऱ्यांकडून आणि त्या ‘शकेल’ असे लिहिणाऱ्यांकडून यायचे आहे. तोवर त्याने दोन गोष्टी केल्या आहेत : शनिवार-रविवारी जाणे बंद केले, कारण ड्रोनवाले तेव्हाच येतात; आणि एक शिट्टी गळ्यात अडकवली आहे.

अजून कोणाला विचारायचे आहे? नाही? मग बाहेर चहा ठेवला आहे, गार होईल.